पळसवाडीची मुक्कामी गाडी

१० नोव्हेंबर, सोमवार

दप्तर गेलं, पोरगी वाचली!

हे आधी लिहून ठेवते. दिवसभर जो तो येऊन विचारतोय — पुस्तकं फाटली का, वह्या परत लिहायला लागणार का. अरे, पोरगी वाचली म्हणतेय मी!

पहाटेच्या अंधारात मयूरी बाकीच्या पोरींबरोबर फाट्याकडं चालली होती. फाट्यावरून उंब्रजला, शाळेला. दोन्ही अंगांना ऊस आणि मधे डांबराची एक चिंधी. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या जोडलेला. गाणी एवढ्या मोठ्यानं लावलेली की पोरींचं ओरडणं ड्रायव्हरला ऐकूच गेलं नाही. पोरींनी उसात उड्या मारल्या. मयूरीच्या दप्तराचा बंद ट्रॉलीच्या लोखंडात अडकला. बंद तुटला म्हणून — पुढचं लिहवत नाही. दप्तरावरून चाक गेलं. ट्रॅक्टर तसाच पुढं.

घरी आली ती ढोपरं फोडून, ओठ घट्ट मिटून. वाटेत रडली नाही म्हणे. मला बघितल्यावर रडली.

आणि आत्याबाई, माझ्या सासूबाई, काय म्हणाल्या? "झाली तेवढी शाळा बास. पोर सांगलीला राजेश्वरीकडं धाडू. दहावी बाहेरनं देता येती की, सतरा नंबरचा फॉर्म भरून."

राजेश्वरीवन्सं म्हणजे माझ्या नणंदबाई. सांगलीत त्यांची खानावळ आहे. म्हणजे नावाला फॉर्म भरायचा परीक्षेचा आणि वर्षभर लाटायच्या चपात्या! मी काय खुळी आहे होय? नववी इथं, दहावी इथं, शाळेच्या बाकावर बसून. तसं तोंडावर सांगितलं. आत्याबाईंनी भाजीची पाटी ओढून घेतली आणि माझ्याकडं पाठ केली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज मीच गेले पोरींबरोबर. हातात बॅटरी, काठी, डोक्याला स्कार्फ.

अंतर तसं फार नाही. वाट वाईट. ओढ्यावरच्या पुलाला कठडा नाही. वळणावर दिवा नाही. साइडपट्टी म्हणून जी काही होती ती उसाच्या गाड्यांनी उकरून टाकलेली. त्यातून बिबट्या! मागच्या महिन्यात खालच्या वस्तीवरचं कुत्रं नेलं. म्हणून पोरी मोठमोठ्यानं बोलत चालतात. बोलायचं संपलं की धडे म्हणतात. आज अंधारात शेजारची श्रद्धा ओरडली, "न्यूटनचा पहिला नियम!" आणि बाकीच्या सगळ्या एका सुरात, "स्थिर वस्तू स्थिरच राहते!"

आमच्या गावालाच लागू आहे हा नियम. हसू पण आलं आणि डोकं पण फिरलं.

गणपतीपर्यंत आमची मुक्कामी गाडी होती की! एसटी रात्रीची शेवटची फेरी करून इथंच थांबायची. ड्रायव्हर-कंडक्टर भैरोबाच्या हॉलमध्ये झोपायचे. त्यांच्या जेवणाची घराघरात पाळी असायची, पाळीच्या दिवशी आत्याबाई मुद्दाम कोरड्यास, म्हणजे आमटी, दाट करायच्या. आणि सकाळी तीच गाडी पोरांना घेऊन दारातून शाळेत. गणपती झाले आणि गाडी यायची थांबली. का थांबली? कुणी विचारलंच नाही! चार दिवस पारावर शिव्या दिल्या आणि सवय करून घेतली.

मी पण विचारलं नव्हतं. आता विचारणार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ह्यांचा फोन आला. सीमेवर तिकडं रेंज मिळाली की करतात, त्यामुळं आधी दोन मिनिटं नुसतं हॅलो हॅलो. आत्याबाईंनी दप्तराचं सगळं आधीच कळवलेलं.

"दीपा, रिस्क नको. आक्कांकडं ठेव तिला."

मी म्हटलं, आक्कांकडं शाळा आहे का खानावळ?

"सिक्युरिटीचा सवाल आहे."

मग सिक्युरिटी त्या ट्रॅक्टरला लावा की! ट्रॅक्टर जोरात जाणार, बिबट्या मोकळा फिरणार, गाडी बंद राहणार — आणि घरात कोण बसणार, तर पोरगी? कुणाची चूक आणि कुणाला कोंडता? हे एका दमात बोलले. पलीकडं शांतता. मला वाटलं, ऐकतायत. रेंज गेली होती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

परत फोन लावला नाही. ते सगळं परत तेवढ्याच जोरात बोलता आलं नसतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

डेपोत जाऊन आले. श्रद्धाच्या आईला बरोबर नेलं, एकटीला धीर झाला नसता. साहेब भेटेपर्यंत बाकावर बसून पाय आखडले.

मी मयूरीचा पास टेबलावर ठेवला. मुलींना सरकारनं पास फुकट दिलाय, चांगलं केलंय. फोटो आहे, शिक्का आहे, सगळं आहे. म्हटलं, साहेब, हा पास गळ्यात घालून पोरींनी चालतच जायचं का?

साहेब तरुण होते, बोलायला नीट होते. म्हणाले, "बाई, तुमची गाडी आम्ही बंद केली नाही. तुमच्या गावानं केली."

मी म्हटलं, काय बोलता!

तर झालं असं. गणपतीत भैरोबाच्या हॉलला नवी फरशी बसली. फरशी खराब होईल म्हणून कमिटीनं हॉलला कुलूप घातलं. ड्रायव्हर-कंडक्टर पावसात गाडीतच सीटवर झोपले. संडासला जागा नाही, पाणी नाही. त्यांनी तक्रार केली. मुक्कामाची सोय नाही म्हणून मुक्काम बंद. आणि मुक्काम बंद म्हणजे सकाळची फेरी बंद. साहेब म्हणाले, "गाडी रात्री तुमच्याकडं थांबली तरच सकाळी तुमच्याकडून निघणार ना? रिकामी गाडी पहाटे डोंगरावर कशी पाठवू?"

फरशी! माझी पोरगी ट्रॉलीखाली जाता जाता वाचली ती फरशीपायी!

आणि गावात सगळ्यांना वाटतंय, सरकार वाईट. कुलूप घातलं तेव्हा एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपण फरशी वाचवतोय आणि गाडी घालवतोय. हा शहाणपणा आमच्याच गावाला सुचू जाणे.

साहेबांनी शेवटी सांगितलं — एक खोली, दिवा, पाणी, संडास. एवढी सोय करा, सरपंचांचं पत्र आणा, गाडी लगेच सुरू करतो. श्रद्धाची आई येताना वाटभर हिशेब लावत होती, कुणाला कसं गोड बोलायचं. मला गोड बोलणं जमत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज संध्याकाळी देवळापुढं बैठक. सरपंच आले, कमिटी आली, आणि आम्ही बायका पोरींना घेऊन गेलो. बायका मागं बसल्या. मी पुढं बसले.

कमिटीचे अध्यक्ष भाऊसो. अंगात इस्त्रीचा सदरा, बोलण्यात साखर. "पोरींची काळजी आमाला बी हाय. पण हॉल देवाचा हाय. ही ड्रायव्हर मंडळी तंबाखू थुंकत्यात."

मी म्हटलं, "आणि गावातली मंडळी काय अत्तर थुंकतात?"

मागं बायका फसकन हसल्या. भाऊसो लाल झाले.

मग म्हटलं, मराठी शाळेची खोली द्या. गुरुजी म्हणाले, वरून परवानगी लागते. समाजमंदिर द्या म्हटलं. तर सगळे एकमेकांकडं बघायला लागले, कारण तिथं भाऊसोंच्याच खताच्या पिशव्या रचल्यात! सरपंच घसा खाकरून म्हणाले, "बघू, पुढच्या मिटिंगला घेऊ."

पुढच्या मिटिंगला! तोपर्यंत ट्रॅक्टर थांबणार आहेत का?

माझ्या तोंडातून निघून गेलं, "माझ्या घरी थांबू दे मुक्कामी."

आमच्या घराला पुढच्या अंगाला स्लॅबची खोली आहे, शेजारी संडास-बाथरूम. ह्यांनी सुट्टीवर आल्यावर बसायला बांधली. वर्षातून महिनाभर उघडते, बाकी बंद. मी आधी ठरवून गेले नव्हते. पण बोलल्यावर कळलं, हेच बरोबर आहे.

मागून कुणीतरी म्हणालं, "नवरा बॉर्डरवर, आन् हिच्या दारात दोन गडी मुक्कामाला. वा!"

मी ताडकन उभी राहिले. "कोण बोललं? उभं राहून बोला. मला तोंड बघू द्या." कुणी उठलं नाही. "इतकी वर्षं ही माणसं तुमच्या पाळीला तुमच्या घरात जेवली, तेव्हा कुणाची अब्रू गेली नाही. माझ्या ओसरीवर आली की जाणार? घरात सासू आहे, दीर आहे. आणि कुणी नसतं तरी मी हेच म्हटलं असतं!"

पदर खोचला आणि खाली बसले.

मग श्रद्धाची आई उठली. जन्मात कधी बैठकीत बोलली नाही ती. "जेवाण माज्याकडं," म्हणाली आणि चटकन खाली बसली. मग दुसरी म्हणाली, दुसऱ्या दिवसाचं माझ्याकडं. मग तिसरी. सरपंचांनी पत्रावर सही केली. न करून सांगतात कुणाला!

भाऊसो जाता जाता म्हणाले, "फौजीला कळवाय लागंल हे."

मी म्हटलं, "कळवा की. नंबर देऊ?"

२० नोव्हेंबर, गुरुवार

घरात मात्र स्फोट झाला. तानाजी भावजी, माझे धाकटे दीर, ताटावरून उठले.

"वैनी, आपल्याच पोटावर पाय देताय व्हय!"

त्यांचं खोटं नाही. जीप आपली आहे. ह्यांनी पैसे घातले, भावजी वडाप करतात — फाट्यावर माणसं कोंबायची, भरली की सोडायची. गाडी बंद झाल्यापासून जीपला उसंत नाही. गाडी आली की जीप अर्धी रिकामी.

मी म्हटलं, "मग सकाळी पोरींना न्या की जीपनं. मी कुठं डेपोत जाते?"

"सकाळी दुधाचं कॅन असत्यात. ठावं हाय की तुमाला."

"म्हणजे कॅनला जागा आहे, पोरींना नाही. आणि दुपारी दमून आल्या की त्याच पोरी मागच्या फळीवर लोंबकळत येणार, पैसे देऊन."

"मयूरीला मी कवा पैसं मागितलं का?"

"वाडीत मयूरी एकटीच पोरगी आहे का, भावजी?"

त्यांनी चावी उचलली आणि गेले. ताट तसंच राहिलं. आत्याबाईंनी ते माझ्यासमोर उचललं, भांड्यांचा असा आवाज करत की शेजारपाजारला कळावं.

भावजी वाईट नाहीत. मयूरीला डेंगी झाला तेव्हा ह्याच जीपमधून कराडला नेलं, दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. लहानपणी तिला शाळेत उचलून न्यायचे तेच, आणायचे तेच. म्हणून तर भांडताना जड जातं. भाऊसोंशी भांडायला मजा येते. भावजींशी भांडून मला भूक लागली नाही.

पण माघार घेणार नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

घरात कुणी बोलत नाही माझ्याशी. बरंय, कामं पटापट उरकतात.

२३ नोव्हेंबर, रविवार

ह्यांची खोली झाडली. जाळ्या काढल्या, बल्ब बदलला, दोन गाद्या उन्हात टाकल्या. मयूरी फरशी पुसत होती आणि गुणगुणत होती. तिला विचारलं, तुला सांगलीला जायचंय का गं? खरं सांग. मी आपली भांडत सुटलेय, तुला विचारलंच नाही.

म्हणाली, "आई, मला आपल्या शाळेतनं दहावी करायचीय. आणि मला चपात्या गोल येत नाहीत."

हसून हसून दोघी दमलो. मग तिनं मला मिठी मारली, ओल्या हातांनी.

दुपारी ह्यांचा फोन. भाऊसोंनी कळवलेलं दिसतंय, आणि मीठमसाला लावून. आवाज चढलेला.

"माझ्या खोलीत परकी माणसं?"

मी म्हटलं, परकी कशी? तुमच्या पोरीला रोज शाळेत पोचवणारी माणसं. तुम्ही तिकडं अख्ख्या देशाच्या पोरींची राखण करता, आणि स्वतःच्या पोरीला लपवून ठेव म्हणता?

"गाव काय म्हणेल?"

"गाव म्हणून झालंय. मी ऐकून घेतलंय. मेले नाही मी."

मग म्हणाले, "ठीक आहे. मला जे योग्य वाटतं ते मी करीन."

मी म्हटलं, करा! आणि फोन ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, आधी फोन मी कधी ठेवला नव्हता. ठेवल्यावर जरा घाबरले. खोटं कशाला लिहू.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आली! गाडी आली!

दिवस बुडायला ओढ्यापलीकडं हॉर्न वाजला आणि पोरं सुटली पळत. म्हाताऱ्या दारात आल्या. पाटी वाचली मी, दोनदा वाचली — पळसवाडी मुक्कामी. श्रद्धाच्या आईनं गाडीच्या तोंडावर हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. ड्रायव्हर ओशाळले, म्हणाले, "आवं ताई, जुनीच गाडी हाय ही!"

गाडी आमच्या दारापुढं लागली. एवढी मोठी की ओसरीवर अंधार पडला. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. कुणी मोटार घेतली तरी जेवढी ऐट मारणार नाही, तेवढी मी आज मारली!

पहिल्या रात्रीचं जेवण मी हट्टानं माझ्याकडंच ठेवलं. ड्रायव्हर खंडाळ्याकडचे, वयानं मोठे. कंडक्टर पाटणचे, लाजाळू, जेवताना मान खाली. आत्याबाई आधी आत बसून राहिल्या. मग कंडक्टरनं "आत्या, जरा पाणी मिळंल का?" म्हटलं आणि त्या उठल्या. पाण्याबरोबर ठेचा पण नेला. मग "पाटणात कुणाचा तू?" सुरू झालं, आणि निघालं काहीतरी लांबचं नातं. गडी बघून अब्रू जाणार होती म्हणे! आत्याबाई त्याला भाकरी खा, भाकरी खा म्हणून आग्रह करत होत्या.

भावजी पण वेळेवर आले. शांत होते. ड्रायव्हरशी नीट बोलले, गाडी सकाळी कितीला सुटणार विचारलं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "कोरड्यास ब्येस झालंय, वैनी." किती दिवसांनी बोलले! मला एवढं बरं वाटलं की त्यांना अजून वाढलं.

मयूरीनं गणवेशाला इस्त्री केली. पास गळ्यात घालून आरशात बघत होती. खिडकीची जागा कुणाची यावरून श्रद्धाशी आत्ताच वाद झालाय. झोप म्हटलं तर, "आई, उद्या तू यायचं नाहीस हां फाट्यापर्यंत. गाडी आहे आता."

नाही येत बाई. उद्या मी झोपणार, उजाडेपर्यंत.

२६ नोव्हेंबर, बुधवार

गाडीत लिहितेय. अक्षर हलतंय.

उठले तर मयूरीचं अंथरूण रिकामं. दारात जीप नाही. भावजी तिला अंधारातच सांगलीला घेऊन गेले. दुधाचे कॅन घालून लगेच येऊ म्हणून उठवलं तिला, घरच्या कपड्यांतच. आत्याबाई चुलीकडं बघत म्हणाल्या, "तुज्या नवऱ्यानंच सांगितलं, जयराजनं. मी काय करू?" भावजी फोन उचलत नाहीत. हे पण उचलत नाहीत.

एसटी वेळेवर सुटली. वाडीतल्या सगळ्या पोरी चढल्या. श्रद्धानं खिडकीची जागा धरून ठेवलेली. "काकू, मयूरी कुठंय?" तिथं मी बसले. तिचा गणवेश पिशवीत घेतलाय.

कंडक्टर म्हणाले, "ताई, तुमी कुठं?"

"सांगली."

"ही गाडी उंब्रजपतोरच हाय."

"मग उंब्रजचं द्या. पुढची मी बघते. आणि संध्याकाळी येताना दोघींची जागा धरून ठेवा."